खडखड कुठून येते ते आधी शोधा

पिकअप चालवणाऱ्यांना आणि पिकअपच्या मालकांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या चाकांकडून खडखड यायला लागली की घाईघाईने शॉकअप बदलू नका, आणि टेपचा आवाज वाढवून गाडी तशीच पुढेही रेटू नका. आवाज नेमका कुठल्या जोडातून येतो ते आधी शोधा. त्यासाठी दोन माणसं, एक धड जॅक, एक भक्कम स्टँड, हातभर लांब टामी आणि अर्धा-पाऊण तास एवढंच लागतं. पुष्कळदा सगळं काम एखाद्या रबरी बुशवर किंवा लिंकवर भागतं. अंदाजाने भाग बदलत गेलात तर शॉकअप नवे, टायर नवे, अलायमेंट नवं आणि खडखड मात्र जुनीच, अशी गत होते. त्याहून वाईट म्हणजे जो जोड खरोखर सुटायला आला आहे, त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न थोड्याथोडक्या घरांचा नाही. कन्नड-फुलंब्रीकडची अद्रक, सिल्लोडची मिरची आणि मका, पाचोडची मोसंबी, वैजापूर-गंगापूरचा कांदा, शेतातून निघालेला हा माल आधी कुठल्या तरी पिकअपमध्ये चढतो. पहाटे जाधववाडीच्या मार्केटबाहेर एमएच २० पाटीच्या गाड्यांची रांग लागते. दिवसा त्यातल्याच कित्येक गाड्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कंपन्यांना पेट्या पोचवत फिरतात. बहुतेक गाड्यांवर हप्ता चालू असतो. गाडी एक दिवस उभी राहिली की भाडं बुडतं, म्हणून दुखणं अंगावर काढावं तसा हा आवाज अंगावर काढला जातो. चालकाला तो ऐकू येत असतो, पण मालकाला सांगितलं तर गाडी कामाला लागेल आणि आपला रोज बुडेल, या भीतीने तो गप्प बसतो.

रस्त्यांचा यात मोठा वाटा आहे. आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर वरखाली होत राहतो. खड्डा निदान दिसतो, चालक वेग कमी करतो. हे चढउतार दिसत नाहीत, आणि भरल्या गाडीचा बुश प्रत्येक उताराला पिळला जातो. अजिंठा रस्त्याच्या रुंदीकरणाने वर्षानुवर्षं काय हाल केले ते फुलंब्री-सिल्लोडच्या चालकांना मी सांगायला नको. थोडं सिमेंट, मग वळणरस्ता, मग उघडी गिट्टी, पुन्हा सिमेंट. सिमेंटच्या कडेवरून खाली उतरताना एकच चाक आपटतं, आणि पुढच्या जोडांना याच्याइतका वाईट मार दुसरा नाही. पावसाळ्यात चिखल पाट्यांच्या फटींत आणि शॅकलमध्ये बसतो, वाळून घट्ट होतो, आणि त्यातली बारीक रेती पिन-बुश घासत राहते.

गाडीखाली शिरण्याआधी उगाच वाजणाऱ्या वस्तू बाजूला काढा. स्टेपनीचा कंस, सीटखालचा जॅक आणि त्याचा दांडा, फाळक्याच्या साखळ्या आणि कड्या, बॅटरीची पट्टी, बॉनेटचं कुलूप, सायलेन्सरचा क्लॅम्प, मडगार्डचे बोल्ट हे सगळं हाताने हलवून पाहा. रिकाम्या गाडीत यांचा आवाज जास्त येतो, आणि लोखंडी चासीतून तो इतका फिरतो की डावीकडे वाजलेलं उजवीकडे ऐकू येतं. म्हणून केबिनमध्ये बसून बाजू ठरवू नका.

नुकतंच पंक्चर काढलं असेल तर सगळ्यात आधी चाकाचे नट तपासा. ढिल्या नटांची खटखट वेगाबरोबर वाढते आणि स्टीअरिंगला कंप येतो. असं जाणवलं तर गॅरेजपर्यंत जायचा विचारसुद्धा करू नका, जिथे आहात तिथे गाडी कडेला घ्या. पंक्चर काढल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे असतात. ही सवय फार थोड्या चालकांना आहे, आणि ती लावून घ्यायला एक पैसा लागत नाही.

दुसरी सोपी चाचणी ब्रेकची. ज्या खडबडीत पट्ट्यावर आवाज येतो तिथून सावकाश जाताना ब्रेकचं पेडल अगदी हलकं दाबून धरा. आवाज तेवढ्यापुरता थांबला तर बहुधा दोष सस्पेन्शनमध्ये नसून डिस्क पॅड किंवा कॅलिपरच्या पिनांमध्ये आहे. तीस-चाळीस पावलांत होणारी ही चाचणी न केल्यामुळे कितीतरी चांगले शॉकअप भंगारात गेलेले मी पाहिले आहेत.

आता मुख्य गोष्ट. गॅरेजात गेल्यावर बहुतेक जण आवाज कसा येतो ते तोंडाने काढून दाखवतात. उस्तादाला त्यापेक्षा तो कधी येतो हे सांगा. निदानाचा निम्मा रस्ता तिथेच कापला जातो.

गतिरोधकावर गाडी सावकाश चढवली आणि उतरताना एकच जाड ‘खट’ आली, तर पाट्याच्या डोळ्यातला बुश, शॅकल, ढिले यू-बोल्ट किंवा खालच्या आर्मचा बुश यांच्याकडे बघा. लहान लहान खड्ड्यांवर भराभर ‘टकटक टकटक’ येत असेल तर संशय स्टॅबिलायझरच्या लिंकवर घ्या. याची खात्री करायची एक छान रीत आहे. तोच गतिरोधक आधी सरळ ओलांडा, म्हणजे दोन्ही पुढची चाकं एकदम चढतील. मग तो तिरका ओलांडा, म्हणजे आधी एक चाक चढेल आणि मग दुसरं. स्टॅबिलायझरचा दांडा दोन्ही चाकं एकत्र वरखाली होतात तेव्हा जवळपास बिनकामाचा असतो, आणि एक वर, एक खाली झालं की पिळला जातो. सरळ जाताना शांत आणि तिरकं जाताना टकटक असेल तर लिंक किंवा दांड्याचे बुश गेलेत असं धरून चला. हा भाग स्वस्त आहे, आणि सगळ्यात जास्त चुकीची बिलं याच्याच जागी दुसरं काही बदलून होतात.

ब्रेक लावला की एक ‘ठक’, आणि रिव्हर्स घेऊन ब्रेक लावला की पुन्हा एक ‘ठक’, असा आवाज म्हणजे काहीतरी पुढेमागे सरकतंय. दौलताबादचा घाट उतरताना तो हमखास कळतो, कारण उतारावर ब्रेक लावल्यावर गाडीचं वजन पुढे येतं. पाट्यांच्या गाडीत यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट, आर्मच्या गाडीत आर्मचे बुश तपासा. सेंटर बोल्ट तुटला असेल तर ॲक्सल पाट्यावरून सरकतो आणि गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालायला लागते. मागून येणाऱ्या ओळखीच्या चालकाने ‘भाऊ, गाडी वाकडी चाललीय’ म्हटलं तर ते हसण्यावारी नेऊ नका.

उभ्या गाडीत स्टीअरिंग वळवताना कुरकुर आली तर ग्रीस संपलेला किंगपिन किंवा कोरडा बॉल जॉइंट असू शकतो. स्ट्रटच्या गाडीत वरच्या माउंटिंगचं बेअरिंग असं करतं, आणि कधी कधी स्प्रिंग अडकून सुटल्याचा ‘टंग’ आवाज येतो. वेगाबरोबर वाढणारा एकसुरी घूंऽऽ हा बेअरिंगचा किंवा झिजलेल्या टायरचा. समृद्धी महामार्गाच्या सिमेंटवर तो स्वच्छ ऐकू येतो. मोकळ्या, सुरक्षित जागी गाडी हलकेच उजवीकडे घेतल्यावर तो वाढला तर डावं बेअरिंग बघा, डावीकडे घेतल्यावर वाढला तर उजवं, कारण वळताना वजन बाहेरच्या चाकावर जातं. दिशा बदलून काहीच फरक पडत नसेल तर टायर पुढचे मागे करून पाहा.

पुढचं काम सुरू करण्याआधी आपल्या गाडीखाली काय आहे ते माहीत हवं. टाटा एससारख्या गाडीत पुढे अख्खा ॲक्सल आणि कमानीचे पाटे आहेत. मारुती सुपर कॅरीत पुढे स्ट्रट आहेत. इसुझू डी-मॅक्सला वर-खाली दोन आर्म आणि मध्ये कॉइल स्प्रिंग आहे. बोलेरो पिकअपच्या पिढ्या आणि मॉडेलं इतकी आहेत की नावावरून सांगण्यापेक्षा खाली वाकून पाहणं बरं. शेजाऱ्याच्या गाडीला जे लागलं ते आपल्या गाडीला लागेलच असं नाही.

पहिली तपासणी चारही चाकं जमिनीवर ठेवून करा. सपाट, टणक जागा घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून गुटके लावा. एकाने केबिनमध्ये बसून स्टीअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं, पण झटक्याने हलवायचं. चाक वळेल इतकं नको, स्टीअरिंगची मोकळी चाल संपून जरासा ताण येईल इतकंच. दुसऱ्याने बाजूने हात घालून एकेका जोडावर पंजा ठेवायचा: पिटमन आर्म, ड्रॅग लिंक, दोन्ही टाय रॉड एंड, शेवटी स्टीअरिंग बॉक्सचे बोल्ट. ढिला जोड हाताला ‘टक’ देतो. एक बाजू हलते आणि दुसरी क्षणभर उशिरा हलते, हे डोळ्यांनाही दिसतं. इंजिन बंद असावं. पॉवर स्टीअरिंग फारच जड जात असेल तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा, पण मग दुसऱ्याने चाकापुढे किंवा गाडीखाली अंग न्यायचं नाही.

दुसरी तपासणी चाक उचलून करायची. इथे मी हात जोडून सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालू नका. माल भरलेला असेल तर आधी उतरवा. शेतात किंवा रस्त्याच्या कच्च्या कडेला काळ्या मातीवर जॅक लावला की तो हळूहळू रुततो आणि तिरका होतो. टणक जमीन नसेल तर ही तपासणी त्या दिवशी करायचीच नाही. विटांच्या चवडीवर गाडी टेकवू नका, वीट ताण आल्यावर सांगून फुटत नाही. स्टँड लावा, गाडी त्यावर पूर्ण बसवा, बाजूने ढकलून डगमगते का पाहा, मगच चाकाला हात घाला.

जॅक कुठे लावायचा हे रचनेवर ठरतं. अख्खा ॲक्सल असेल तर ॲक्सलखाली. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असेल तर त्याच आर्मखाली, चाकाच्या शक्य तितकं जवळ. असं केल्याने बॉल जॉइंटवरचा ताण निघतो आणि त्याची ढिलाई लपत नाही. चासीखाली जॅक लावून आर्म लोंबकळत ठेवला तर स्प्रिंग तो जोड घट्ट दाबून धरते, आणि मेलेला बॉल जॉइंट तपासणीत पास होतो. स्ट्रटच्या गाडीत मात्र चासीकडूनच उचला.

चाक अधांतरी झालं की घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी दोन हात धरून आत-बाहेर हलवा. ढिलाई जाणवली तर दुसऱ्याला ब्रेकचं पेडल दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर ती चाकाच्या बेअरिंगची होती, कारण ब्रेकने चाक आणि हब जखडले गेले. ब्रेक दाबूनही राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. मग हात नऊ आणि तीनच्या जागी नेऊन हलवा. इथली ढिलाई बहुधा टाय रॉडची, म्हणजे पहिल्या तपासणीत सापडलेल्या गोष्टीला दुजोरा. शेवटी चाकाखाली टामी घालून वर उचलून बघा, उभी ढिलाई असेल तर ती अशीच कळते.

बुशसाठी टामी आर्म आणि कंसाच्या मध्ये घालून हलकाच ताण द्या. रबर थोडं दबणारच, त्याचं कामच ते आहे. लोखंड लोखंडाला लागून ‘कट’ वाजलं, रबर नळीपासून सुटून फिरू लागलं किंवा बुश एका बाजूला सरकलेला दिसला, तरच तो गेला समजा. वरवरच्या बारीक भेगा पाहून नवा बुश घालायची गरज नाही. पाट्यांवर एकसारखी नजर फिरवा. गंजाच्या थरात एखादी चकचकीत नवी रेघ दिसली तर तिथे पाटा तुटलाय किंवा घासतोय. यू-बोल्टच्या नटाभोवती ताजी लालसर पूड दिसली तर तो जोड हलतोय.

चूंचूं करणाऱ्या रबरासाठी साबणाचं पाणी बाटलीत घेऊन एका वेळी एकाच बुशवर मारा आणि गाडी हलवून बघा. ज्या बुशवर पाणी मारल्यावर आवाज गेला तो चोर सापडला. जळकं ऑइल किंवा डिझेल मारून आवाज बंद करू नका. तेलाने रबर फुगतं आणि कुजतं. चार दिवस शांतता मिळते आणि बुश कायमचा जातो. रबराला चालणारा सिलिकॉनचा स्प्रे बाजारात मिळतो, पण तोही आवाज शोधण्यापुरता किंवा तात्पुरता.

मोबाइलचा इथे चांगला उपयोग होतो. दुसरा माणूस स्टीअरिंग हलवत असताना किंवा गाडी दाबत असताना संशयित जोडाचा स्लो मोशन व्हिडिओ काढा. डोळ्यांतून निसटणारी हालचाल त्यात स्पष्ट दिसते, आणि गॅरेजात वाद घालायची वेळ येत नाही.

शॉकअपबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण पुढून आवाज आला की पहिला बळी त्याचाच जातो. गंमत अशी की ज्या शहरातल्या वाळूजमध्ये दुचाकींचे शॉक अब्झॉर्बर बनून देशभर जातात, त्याच शहरात शॉकअपचं काम काय हे पुष्कळ चालकांना कुणी कधी सांगितलेलं नसतं. शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही. वजन पेलतात पाटे किंवा स्प्रिंग. शॉकअप फक्त त्यांची उसळी आवरतो. त्यामुळे पुढून गाडी बसली असेल तर नवे शॉकअप घालून ती उठणार नाही. शॉकअपवर तेलाचा ओघळ असेल, चाक खड्ड्यानंतर उड्या मारत राहत असेल, टायर ठिकठिकाणी खाल्लेला असेल, तर तो बदला आणि दोन्ही बाजूंचे बदला. अंगावर नुसता ओलसर थर आणि त्यावर धूळ एवढ्यावरून निकाल देऊ नका. शॉकअपमधून आवाज येतो तोही पुष्कळदा त्याच्या वरच्या-खालच्या डोळ्यातल्या रबराचा असतो. पुढचं टोक दाबून गाडी किती वेळा उसळते ते मोजायची रीत कारसाठी ठीक आहे. कडक पाट्यांची रिकामी पिकअप दाबून दबतच नाही.

आता दुरुस्तीकडे. माझ्या अनुभवात नवा बुश लवकर जाण्याचं सगळ्यात मोठं कारण बुशची जात नसून तो आवळायची रीत आहे. गाडी उचललेली असताना आर्म किंवा पाटा खाली लोंबकळत असतो. त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळला तर रबर त्या जागी जखडलं जातं. मग गाडी खाली उतरवली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, आणि प्रत्येक खड्ड्याला आणखी पिळलं जातं. काही महिन्यांत ते फाटतं आणि लोक म्हणतात, माल नकली होता. बोल्ट आधी हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा पुढे-मागे हलवायची, आणि मग वजन चाकांवर असताना शेवटचा आवळा द्यायचा. उस्तादांनो, हे तुम्हाला ठाऊक आहे. खड्ड्यात उतरून किंवा पालथं पडून करावं लागतं, म्हणून घाईत राहून जातं. कृपा करून तेवढी दहा मिनिटं द्या. आणि मालकांनो, त्या दहा मिनिटांची मजुरी कापू नका.

यू-बोल्ट एकदा काढले की नवे घाला. ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा पकडत नाही. टाय रॉड किंवा बॉल जॉइंटच्या नटाची खाच आणि भोक जुळत नसेल तर नट मागे फिरवायचा नाही, पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, आणि स्प्लिट पिन दर वेळी नवीच घालायची. जुन्या पिनेऐवजी तार घालून दिलेली गाडी ताब्यात घेऊ नका. टाय रॉड बदलल्यावर अलायमेंट करणं भागच आहे, नाहीतर नवे टायर महिन्याभरात एका बाजूने खाल्ले जातील. किंगपिनला ग्रीस देताना चाक उचलून द्या. वजनाखाली ग्रीस खालच्या घासणाऱ्या जागेपर्यंत पोचतच नाही. निप्पलवर वाळलेला चिखल आधी पुसा, नाहीतर ग्रीसबरोबर रेती आत जाते. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारा.

तुटलेला पाटा वेल्डिंग करून कधीही बसवू नका. कमानीचं पोलाद ज्या उष्णतेच्या प्रक्रियेने लवचीक होतं, ती वेल्डिंगच्या धगीत त्या जागी पुसली जाते. तो पाटा पुन्हा तुटणार, आणि या वेळी भरल्या गाडीत तुटणार. मुख्य पाट्याच्या बाबतीत तर हा जिवाशी खेळ आहे, कारण पुढचा ॲक्सल गाडीला धरून ठेवायचं काम तोच करतो.

पाटा वाढवून घेण्याबद्दलही बोलायला हवं. जास्त माल नेता यावा म्हणून कमानवाल्याकडे जाऊन एक-दोन पाटे वाढवण्याची रीत सर्रास आहे. पाटा वाढवल्याने गाडी दबत नाही, पण ॲक्सल, हबची बेअरिंग, शॅकलचे कंस, ब्रेक आणि चासी होती तेवढीच राहते. जो धक्का आधी पाटा खात होता तो आता या सगळ्यांना बसतो. मागे जास्त माल भरला की पुढचं टोक हलकं होतं, स्टीअरिंग तरंगतं आणि ब्रेक लागताना पुढच्या चाकांची पकड कमी पडते. कायद्याने ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. तो चुकवता आला तरी पुढच्या जोडांचं बिल चुकत नाही. आणि लग्नाचं वऱ्हाड किंवा मजूर मागे बसवून ढिल्या किंगपिनची गाडी नेणाऱ्याला तर मी काय सांगू! त्या माणसांनी तुमच्या गाडीखाली वाकून पाहिलेलं नसतं. मालाच्या गाडीत माणसं नेऊच नका.

काही गोष्टी मात्र ‘उद्या बघू’ म्हणायच्या नाहीत. चाक वरून आत किंवा बाहेर झुकलेलं दिसणं, बॉल जॉइंटला उभी ढिलाई, टाय रॉड एंडचा कप उघडून गोळी हलणं, मुख्य पाटा तुटणं, सेंटर बोल्ट तुटणं, स्टीअरिंगची मोकळी चाल एकाएकी वाढणं. यातलं काहीही सापडलं तर माल दुसऱ्या गाडीत भरा आणि ही गाडी क्रेनने किंवा टोचनने गॅरेजात न्या. टोचनसुद्धा फक्त स्टीअरिंग धड असेल तरच. याउलट स्टॅबिलायझरची लिंक वाजतेय किंवा शॉकअपचं रबर गेलंय एवढंच असेल तर ठरलेलं भाडं सावकाश पुरं करून संध्याकाळी काम करून घ्या, घाबरायचं कारण नाही.

पासिंगवर विसंबून राहू नका. नवी मालवाहू गाडी पहिल्या २ वर्षांसाठी पास असते, त्यापुढे ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि नंतर दरवर्षी तपासणी होते. पहिल्या आठ वर्षांत दोन पासिंगच्या मधे दोन पावसाळे जातात, आणि आपल्या रस्त्यांवर एक पावसाळाही बुशला पुरतो. पावसाळा संपला की दिवाळीच्या आधी, कापूस-मक्याची धांदल सुरू होण्यापूर्वी, एक सकाळ पुढच्या जोडांसाठी ठेवा. पाटे आणि शॅकल पाण्याने स्वच्छ धुऊन घ्या, ग्रीस मारा, वर सांगितलेल्या दोन्ही तपासण्या करा.

मालकांना एक वेगळं सांगणं. चालक येऊन म्हणाला, ‘मालक, पुढून वाजतंय,’ तर पहिला प्रश्न ‘भाडं कधी आहे?’ असा विचारू नका. ‘कधी वाजतं?’ हे विचारा. गाडी उभी राहिली त्या दिवशीचा त्याचा रोज द्या. आवाज सांगितल्यावर रोज कापला जातो हे एकदा कळलं की पुढच्या वेळी तो सांगणार नाही. चालकदादा, तुम्हीही तारीख, किलोमीटर आणि आवाज कधी येतो एवढं डायरीत किंवा मोबाइलवर लिहून ठेवा. गॅरेजात गाडी दिल्यावर उस्तादाला बाजूला बसवून एक चक्कर मारा आणि आवाज ऐकवा. आवाज ऐकल्याशिवाय पाना उचलू देऊ नका. काम झाल्यावर बदललेला जुना भाग मागून घ्या, हातात धरून त्याची ढिलाई बघा, आणि पक्कं बिल घ्या. जुना भाग घट्ट निघाला तर तो भाग वाजत नव्हता, तिथेच थांबून विचारा.

गाडी घेऊन निघताना पुन्हा तोच रस्ता, तोच गतिरोधक, सरळ आणि तिरका. मग ५०० ते १,००० किलोमीटर झाल्यावर परत जाऊन यू-बोल्ट, चाकाचे नट आणि नव्याने आवळलेला प्रत्येक बोल्ट कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्यावर तपासून घ्या. हे परत येणं गाडी नेतानाच उस्तादाशी बोलून ठेवा आणि तारीख बिलाच्या मागे लिहून घ्या.